फेरीटिन उतरलं, मग एमआरआय कशाला?

पत्र लांब होतं, थोडं कापून देतेय:

"काकू, नमस्कार. मी पारोळा तालुक्यातली. माझा मुलगा ११ वर्षांचा, थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे अंगात रक्त नीट बनतच नाही. सात महिन्यांचा होता तेव्हापासून रक्त चढतंय, आता दर तीन आठवड्यांनी दीड पिशवी लागते. लोह काढायची गोळी चालू आहे, पाण्यात विरघळवून द्यायची ती. खरं सांगते, रोज होत नाही, कापूस वेचणीच्या दिवसांत मी सकाळीच शेतात जाते न गोळी राहून जाते. पावसाळ्यात त्याला टायफॉइड झाला होता तेव्हा फेरीटिन, ती लोहाचा अंदाज देणारी रक्ताची टेस्ट, ३४०० आलं, आम्ही सगळे घाबरलो. आता दिवाळीनंतर केलं तर १९००. घरात आनंदी आनंद, मी पेढे वाटले. पण धुळ्याचे डॉक्टर म्हणतात एमआरआय टी टू स्टार करून आणा, हार्टचा न लिव्हरचा. सासरे म्हणतात आकडा उतरला, टू डी इको पण नॉर्मल आहे, मग हा खर्च कशाला, कापसाला भाव नाही न पुढे दिराचं लग्न आहे. एका सेंटरवाल्याने सांगितलं आम्ही पोटाचा एमआरआय करून देतो, स्वस्तात होईल, एकच आहे ते. आणि सासूबाईंचं वेगळंच, त्या म्हणतात, 'पोऱ्याना आंगमा इतलं लोखंड शे, ते चुंबकनं मशीन त्याले वढी लेई ना व माय!' मी हसले, पण रात्री मला पण झोप नाही आली. करायचं का नाही ते सांगा. ता. क. पोरगा विचारतो मोबाइल आत नेऊ देतात का."

ताई,

करा. आणि पोटाचा साधा नाही, डॉक्टरांनी लिहून दिलाय तोच करा, टी टू स्टार, हार्ट न लिव्हरमधलं लोह मोजणारा. एवढं सांगून मोकळी झाले असते पण तुम्हाला सासऱ्यांना पटवायचंय न सासूबाईंची भीती पण घालवायचीय, म्हणून जरा लांबण लावते, चहा ठेवा.

आधी हे सांगते की मी डॉक्टर नाही. माझी लेक थॅलेसेमिया मेजर, आता २४ वर्षांची आहे, तिला रक्त चढवायला भुसावळहून जळगावला नेता नेता माझे केस पांढरे झाले. जे काही शिकले ते वॉर्डातल्या बाकड्यावर बसून न डॉक्टरांना छळून छळून शिकले. तुमच्या पत्रातले पेढे वाचले न पोटात कालवलं, कारण तेच पेढे मी पण वाटलेत.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्हीच लिहिलीय न तिच्यावरून तशाच पुढे निघून गेलात. ३४०० आलं तेव्हा पोराला टायफॉइड होता. बघा, फेरीटिन म्हणजे शरीर लोह ज्या डब्यात भरून ठेवतं तो डबा, न त्यातले थोडे डबे रक्तात फिरत असतात, तेच लॅबवाले मोजतात. पण ताप आला, इन्फेक्शन झालं, कावीळ झाली, लिव्हरला सूज आली की लोह तेवढंच असलं तरी फेरीटिन उसळतं. म्हणजे ३४०० मधले किती लोहाचे न किती टायफॉइडचे हे कोणीच सांगू शकत नाही. ताप गेला, आकडा खाली आला. गोळी तर मध्ये मध्ये राहतच होती, मग एवढं लोह तीन-चार महिन्यांत कुठून निघून गेलं? मला तरी वाटतं की ३४०० पण खरा नव्हता न १९०० ची उतरण पण खरी नाही, पोरगं कदाचित आधी पण १९००-२००० च्या आसपासच असेल. न १९०० म्हणजे काही कमी नाही हो, डॉक्टर लोक साधारण १००० च्या खाली ठेवायला बघतात.

फेरीटिनवरून लोह ओळखायचं म्हणजे कणगीत किती ज्वारी आहे ते अंगणात सांडलेल्या दाण्यांवरून सांगायचं. अंदाज येतो, नाही असं नाही, दर तीन महिन्यांनी बघत राहिलं तर चढतंय का उतरतंय ते पण कळतं, न टेस्ट स्वस्त आहे म्हणून ती चालू ठेवायचीच. पण एखाद्या दिवशी वादळ झालं न अंगणभर दाणे उडाले तर त्या दिवशीचा अंदाज काय कामाचा. एमआरआय म्हणजे कणगीचं झाकण काढून आत बघणं. न आपल्याकडे कणग्या एकापेक्षा जास्त आहेत, गंमत तिथेच आहे.

आता सासऱ्यांना थोडा हिशोब दाखवा, शेतकरी माणसाला हिशोब लगेच कळतो. रक्ताच्या एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. तुमच्या पोराला दीड पिशवी, म्हणजे धरा कमीत कमी ३०० मिलिग्रॅम, वर्षात साधारण १७ वेळा. झालं ५ ग्रॅमच्या वर. धडधाकट मोठ्या माणसाच्या अख्ख्या अंगात मिळून ३ ते ४ ग्रॅम लोह असतं, न ह्या ११ वर्षांच्या लेकराच्या अंगात दरवर्षी त्याच्याहून जास्त ओततोय आपण. ओतावंच लागतं, रक्ताशिवाय पोर जगत नाही. पण शरीराला जास्तीचं लोह बाहेर टाकायचा रस्ताच दिलेला नाही, कातडी झडते, आतड्यातून जातं त्यात दिवसाला १-२ मिलिग्रॅम, बस. बाकीचं गोळीने नाहीतर सुईतून हळूहळू औषध सोडणाऱ्या पंपाने काढलं तरच निघतं, नाहीतर साठतं. पहिल्यांदा लिव्हरमध्ये. मग हार्ट, स्वादुपिंड, डोक्यातली ती छोटी पिच्युटरी ग्रंथी. स्वादुपिंडात साठलं की शुगर होते, पिच्युटरीत साठलं की पोराची उंची थांबते, वयात येणं लांबतं. आणि हार्टमध्ये साठलं तर काय होतं ते तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं असेल, थॅलेसेमियाची पोरं जास्त करून त्यानेच जायची.

लिव्हर लवकर भरतं न औषध दिलं की लवकर रिकामं पण होतं. हार्ट उशिरा भरतं न सोडायला तर वर्षं घेतं. म्हणजे लिव्हर ठीक आहे म्हणून हार्ट ठीक असेल असं नसतं, उलटं पण होऊ शकतं. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन हॉस्पिटलमध्ये डडली पेनेल न त्यांच्या टीमने २००१ साली ह्या टी टू स्टारवरचं काम छापलं, त्यात हेच निघालं की हार्टमधल्या लोहाचा न लिव्हरमधल्या लोहाचा मेळ बसत नाही, फेरीटिनशी पण बसत नाही. त्याच्या आधी लिव्हरमधलं लोह बघायला सुई घालून तुकडा काढायचे, बायोप्सी, न हार्टचं तर जितेपणी नीट कळायचंच नाही. नंतर ब्रिटनमध्ये ह्या तपासणीवरून औषधं बदलायला लागले, त्याच काळात हार्टमधलं लोह काढणारी गोळी पण वापरात आली, न थॅलेसेमियाच्या पेशंटचे लोहामुळे होणारे मृत्यू सत्तर टक्क्यांच्या आसपास कमी झाले. ही साधीसुधी गोष्ट नाही.

आता टू डी इको. तो नॉर्मल आहे हे चांगलंच आहे, पण इको बघतं की हार्ट पंप कसं मारतंय. लोह साठत असताना पंप चांगला चालतो, वर्षानुवर्षं चालतो, न एके दिवशी एकदम ढेपाळतो. विहिरीवरची मोटर जळायच्या आदल्या दिवशी पण पाणी फेकतेच की. इकोत बिघाड दिसला म्हणजे उशीर झालेला असतो, टी टू स्टार त्याच्या खूप आधी सांगतं.

माझं घर सांगते म्हणजे पटेल. लेक ११ वर्षांचीच होती, फेरीटिन १४००, इको नॉर्मल, मी गल्लीत पेढे दिले. डॉक्टर म्हणाले एमआरआय करा. मी पण तुमच्यासारखीच, जिथे स्वस्त तिथे गेले, एका सेंटरवाल्याला विचारलं हे होतं का, तो म्हणाला हो हो, एमआरआय म्हणजे एमआरआय. पोटाचा काढला. मोठ्या मोठ्या फिल्म दिल्या, रिपोर्टात लिहिलं होतं की लिव्हरमध्ये लोह साठल्यासारखं दिसतंय. आकडा नाही, हार्टचं नाव नाही. डॉक्टरांनी फिल्म खिडकीकडे धरली, खाली ठेवली न म्हणाले, "ताई, हे तर मला आधीपासून माहीत होतं." त्या दिवशी बसमध्ये मांडीवर ती पिशवी घेऊन मी भुसावळपर्यंत एक शब्द बोलले नाही. चार महिने परत पैसे जमवले न मग नीट ठिकाणी केला. हार्टचा टी टू स्टार ९ आला. नऊ. फेरीटिन १४०० न इको नॉर्मल असलेल्या पोरीचा.

मग रात्रीचा पंप सुरू झाला, पोटाला सुई टोचून दहा-दहा तास, सोबत केल्फर, म्हणजे ती हार्टमधलं लोह काढणारी गोळी, त्यासाठी दर आठवड्याला पांढऱ्या पेशी बघायच्या कारण त्या एकदम उतरू शकतात. लेक पंप पर्ससारखा खांद्याला अडकवून अंगणात लंगडी खेळायची. सकाळी तिची लघवी केशरी झाली की मला बरं वाटायचं, चाललंय बाहेर. ९ चा १२ झाला, मग १७, मग २२. तीन वर्षं गेली त्यात. तो पहिला स्वस्तातला एमआरआय नसता केला तर चार महिने आधी सुरू झालं असतं, हे मला अजून डाचतं.

तर तुमचा तो सेंटरवाला "एकच आहे" म्हणतोय ना, एकच नाही. मशीन तेच असेल पण त्यात टी टू स्टारचा प्रोग्राम लागतो, हार्टच्या ठोक्याबरोबर जुळवून फोटो घ्यावे लागतात, न नंतर बसून आकडा काढणारा माणूस लागतो. फोन करून विचारा की हार्ट न लिव्हर दोन्हीचं टी टू स्टार करता का, रिपोर्टात हार्टचा आकडा मिलिसेकंदात न लिव्हरचा मिलिग्रॅम दर ग्रॅम असा लिहून देता का, न मशीन किती टेस्लाचं आहे, म्हणजे त्याच्या चुंबकाची ताकद किती. दीड टेस्लाचं असेल तर उत्तम, कारण सगळे ठरलेले आकडे दीड टेस्लाचे आहेत, ३ टेस्लाच्या मशीनवर आकडा कमी येतो न मग उगाच घाबरगुंडी उडते. समोरचा अडखळला, नाहीतर "या तर खरं, बघू" म्हणाला, तर जाऊ नका. ह्याला कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन लागत नाही, नुसत्या लोहासाठी तर नाहीच, कोणी त्याचे वेगळे पैसे सांगितले तर आधी तुमच्या डॉक्टरांना फोन लावा. कुठे होतं ते सुद्धा डॉक्टरांनाच विचारा, त्यांचे आधीचे पेशंट जिथे जातात तिथे जा, नाशिक-मुंबईला जावं लागलं तरी जा. रेल्वेत थॅलेसेमियाच्या पेशंटला न सोबतच्या एकाला उपचारासाठी जाताना सवलत असते, सेकंड, स्लीपरला ७५ टक्के, हॉस्पिटलकडून फॉर्म सही करून घ्यावा लागतो. न दिव्यांग सर्टिफिकेट काढलं नसेल तर काढून टाका, २०१६ च्या कायद्यात थॅलेसेमिया आहे, खूप जणांना हे माहीतच नसतं.

आता सासूबाई. हसू नका त्यांना, प्रश्न अगदी बरोबर आहे, मी पण पहिल्यांदा डॉक्टरांना हेच विचारलं होतं, फक्त मनातल्या मनात. पोराच्या अंगातलं लोह म्हणजे खिळे-चुका नाहीत, ते प्रोटीनच्या आत कणाकणाने बसलेलं असतं, चुंबक त्याला ओढून हलवू शकत नाही. ते फक्त आजूबाजूचं चुंबकाचं क्षेत्र इवलंसं बिघडवतं, न त्या बिघडण्यावरच तर ही सगळी तपासणी चालते. कसं, तर आपल्या अंगात पाणी आहे, पाण्यात हायड्रोजन, मशीन त्या हायड्रोजनला एक टोला देतं न मग त्याचा आवाज ऐकत बसतं. देवळातली घंटा वाजवली की कशी घुमत राहते, न घंटेला हात लावला की चट्‌कन थांबते, तसं. जिथे लोह आहे तिथे आवाज लवकर मरतो. किती वेळात मरतो ते मिलिसेकंदात मोजायचं, तोच टी टू स्टार. मशीन एकाच जागेचे लागोपाठ सात-आठ फोटो घेतं, डोळ्याचं पातं लवायच्या आत, न प्रत्येक फोटो आधीच्याहून काळा होत जातो. लोहाने भरलेलं लिव्हर तर दुसऱ्या-तिसऱ्या फोटोतच तव्यासारखं काळं होऊन जातं, मला स्क्रीनवर दाखवलं होतं, बाकीचं पोट राखाडी न मधोमध हा काळा तवा.

म्हणून नीट लक्षात ठेवा, इथे उलटं आहे. फेरीटिन जितकं कमी तितकं चांगलं, टी टू स्टार जितका जास्त तितका चांगला. वॉर्डात एक बाई मला आनंदाने म्हणाली, "आमचा फक्त ७ आला," न मला काय बोलावं सुचेना. हार्टचा २० च्या वर असला की बिनधास्त. १० ते २० मध्ये म्हणजे लोह जमायला लागलंय, औषध वाढवायची नाहीतर बदलायची वेळ. १० च्या खाली म्हणजे गंभीर, थॅलेसेमियात हार्ट फेल झालेल्या जवळजवळ सगळ्यांचा आकडा १० च्या खालीच निघाला होता. ६ च्या खाली आला तर घरी यायच्या आधी डॉक्टरांकडे जायचं. लिव्हरचं जे मिलिग्रॅममध्ये देतात ते मात्र आपल्या नेहमीच्या हिशोबाने, कमी तेवढं चांगलं, ७ पर्यंत सांभाळता येतं, १५ च्या वर गेलं की जोखीम. एकाच कागदावर एक आकडा वर हवा न दुसरा खाली हवा, म्हणून गोंधळ होतो, डॉक्टरांकडून दोन्हीखाली पेनाने खूण करून घ्या. न आकडा वाईट आला तरी डोक्याला हात लावून बसायचं नाही, हार्टमधलं लोह निघतं, माझ्या घरात निघालंय.

वय ११ म्हणजे पहिल्यांदा करायला बरोबर वेळ आहे, ८-१० वर्षांची झाली की पोरं गुंगीशिवाय पडून राहतात. चांगला आला तर परत वर्षा-दीड वर्षाने, वाईट आला तर सहा महिन्यांनी सुद्धा करायला लावतात. शक्यतो त्याच मशीनवर करा म्हणजे आधीच्या आकड्याशी मेळ घालता येतो.

पोराची तयारी करून न्या, अर्धं काम तिथेच होतं. त्यात श्वास धरावा लागतो, एका वेळेला दहा-पंधरा सेकंद, न असं बरेचदा. मशीनमधून आवाज येतो, श्वास घ्या, सोडा, आता धरा. पोराने मध्येच श्वास घेतला तर फोटो हलतो न परत करावं लागतं. आम्ही आठ दिवस ओट्यावर प्रॅक्टिस केली, ती सतरंजीवर उताणी, मी मोबाइलमध्ये सेकंद मोजतेय, न शेजारची पोरं गोल करून बसलेली, त्यांची पण श्वास धरायची शर्यत लागली. श्वास बाहेर सोडून मग धरायचा, ते जास्त अवघड जातं, म्हणून तेच करून घ्या. रक्त चढवायची वेळ झालेली असताना पोर दमलेलं असतं न श्वास टिकत नाही, म्हणून मी तर रक्त चढवून चार-पाच दिवसांनी नेते, एका पिशवीने आकड्यात काही फरक पडत नाही.

छातीवर स्टिकर लावतात ते ठोके बघायला, टोचत नाहीत. मशीन म्हणजे लांब बोगदा, दोन्हीकडून उघडा, आवाज मात्र जिनिंगच्या कारखान्यात उभं राहिल्यासारखा, ठक ठक ठक ठक, कानाला हेडफोन देतात नाहीतर कापूस. एक्स-रे सारखे किरण नसतात ह्यात. अर्धा तास धरून चला. त्याच्या अंगावरचं मात्र सगळं काढून न्या, ताईत, करगोटा, हातातलं कडं, कानातली बाळी, चेनची पँट नको, नाडीची घाला. सासूबाईंना सांगा की मशीन ओढतं ते ह्या बाहेरच्या लोखंडाला, आतल्याला नाही. करगोटा काढायला त्यांचं मन होणार नाही, माझ्या सासूचं पण झालं नव्हतं, मग आम्ही तो त्यांच्याच हातात बांधून ठेवायला दिला न आल्यावर त्यांनीच परत बांधला, प्रश्न मिटला.

आता जरा बोलते, राग मानू नका. गोळी राहते ते तुम्ही मला लिहिलंत, डॉक्टरांना सांगितलंय का? नसेल सांगितलं तर हार्टचा आकडा वाईट आल्यावर ते म्हणतील हे औषध लागू पडत नाही, डोस वाढवा, नाहीतर औषधच बदला, न खरी गोष्ट ही की औषध पोटातच गेलेलं नाही. वाढवलेला डोस मग तुम्ही घाबरून रोज दिलात तर किडनीवर येऊ शकतं. खरं सांगून टाका, ओरडतील दोन मिनिटं. वेळेचं काय ते त्यांच्याशी बोला, ती पाण्यातली गोळी रिकाम्या पोटी द्यायची असते, सकाळीच द्यायची असं काही नाही, संध्याकाळी शेतातून आल्यावर जेवणाच्या अर्धा तास आधी चालेल का ते विचारून घ्या. नाहीतर सासऱ्यांवर सोपवा, खर्चाचं बोलतात ना, मग गोळीची ड्यूटी त्यांची, सकाळी घरीच असतात. न हे आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी, एप्रिल-मेमध्ये पारा ४५ ला टेकतो तेव्हा उलट्या-जुलाब झाले, पोर पाणी पीत नसेल, तर ती गोळी तशीच रेटत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, अंगातलं पाणी कमी झालं की ती किडनीला त्रास देते. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची टेस्ट, बघत राहतात ते ह्याचसाठी.

खाण्यापिण्याचं तुम्ही विचारलं नाहीत पण घरात कोणीतरी बाजरी न मेथी बंद केलीच असेल. चढवलेल्या रक्तातून महिन्याला अंगात जे लोह जातं त्याच्यापुढे भाकरीतलं लोह म्हणजे किस झाड की पत्ती, खाऊ द्या पोराला, भरीत-भाकरी खाऊ द्या. लोखंडी कढईत भाजी त्याच्यासाठी नको, जेवणावर कोरा चहा घोटभर चालतो, तो लोह थोडं अडवतो. व्हिटॅमिन सी च्या गोळ्या मात्र मनाने आणून देऊ नका, त्याने साठलेलं लोह मोकळं होतं न हार्टला जड जाऊ शकतं. भाजीवर लिंबू पिळलं त्याने काही होत नाही.

न दिराचं लग्न ठरवताय ना, त्याची न होणाऱ्या मुलीची एचपीएलसी टेस्ट करून घ्या, थॅलेसेमिया मायनर आहे का ते सांगणारी रक्ताची टेस्ट, साखरपुड्याच्या आधी. तुम्ही न तुमचे मिस्टर दोघं मायनर आहात, म्हणजे स्वतःला त्रास नाही पण दोष पोरांकडे जाऊ शकतो, म्हणून हे झालं, दीर पण मायनर असू शकतो. एकटा मायनर असला तर लग्नाला काही अडचण नाही, दोघं निघाले तर दर बाळंतपणाला चारात एक शक्यता पोर मेजर व्हायची, ही भानगड. एमआरआयच्या खर्चाच्या पुढे त्या टेस्टचा खर्च काहीच नाही, हे सासऱ्यांना नक्की सांगा, हिशोबी माणूस आहे म्हणताय.

रिपोर्ट आला की मला दोन्ही आकडे कळवा. आणि पोराला सांगा, मोबाइल आत नेता येत नाही, माझा भाचा खिशात ठेवून दारापर्यंत गेला होता न तिथल्या मुलाने त्याला कॉलरला धरून मागे ओढलं. पण काही ठिकाणी हेडफोनमध्ये गाणी लावून देतात, कोणतं गाणं पाहिजे ते आधीच ठरवून ठेव म्हणावं, माझ्या लेकीने आयत्या वेळी विचारलं तेव्हा गडबडून "कोणतंही" सांगितलं न अर्धा तास भजनं ऐकत पडली होती.